सोललेलं पुस्तक

"ह्ये बघ. हितं तुजं नाव, आन् मदी माजं."

आबांनी स्मरणिकेच्या पानावर बोट टेकवलं होतं आणि ते काही केल्या उचलत नव्हते. दुसरीत शाळा सुटलेला माणूस. अक्षराला अक्षर जोडत दुकानांच्या पाट्या वाचायचे, त्यापुढे कधी गरज पडली नव्हती. सगळा जन्म चपला शिवण्यात गेलेला. 'कु. यमुना ज्ञानू सातपुते, एम. ए.' ही ओळ मात्र मांडवातल्या खुर्चीवर बसून त्यांनी इतक्यांदा मोठ्याने वाचली होती की शेजारच्या दोघांना ती पाठ झाली असावी.

त्या दिवशी आमच्या गावच्या वाचनालयाची शताब्दी होती. आधी मांडवात सभा, मग ग्रंथदिंडी. मी तेव्हा कोल्हापूरच्या एका कॉलेजात नुकतीच मराठी शिकवायला लागले होते. वाचनालयाचे अध्यक्ष पाध्ये सर, आमच्या हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनीच निरोप पाठवला होता, 'पुस्तक' या शब्दाच्या मुळाबद्दल स्मरणिकेत लेख लिही आणि समारंभात स्टेजवरून तो वाच. सरांनी मला संस्कृत शिकवलेलं, स्वतःच्या कपाटातली पुस्तकं दिलेली. दिवाळीची अख्खी सुट्टी मी त्या लेखावर खर्ची घातली.

"द्या बघू, आबा," म्हणून मी त्यांच्या हातून प्रत घेतली.

लेखाचं पहिलं पान माझंच होतं. इंग्रजीतल्या 'बुक'चं नातं बीच नावाच्या झाडाशी जोडतात. लॅटिनमध्ये पुस्तकाला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ झाडाची साल. आपला 'ग्रंथ' म्हणजे गाठ मारून बांधलेला. माणसाला लिहायला, बांधायला जे हाताशी सापडलं त्याचंच नाव पुस्तकाला चिकटलं, असं मी लिहिलं होतं आणि इथवर सगळं शाबूत होतं. पान उलटलं आणि माझं डोकं तापलं.

माझा लेख जिथे खरा सुरू होत होता तिथून पुढचं सगळं गायब होतं. पुस्तकाच्या बांधणीला म्हणतात ती 'जिल्द' म्हणजे अरबीत कातडी, हे गायब. पोरांच्या पाठीवरचं 'दप्तर' आपल्याकडे फारसीतून आलं आणि त्याचं मूळ ग्रीक शब्दात, तिथे त्याचा अर्थ कमावलेलं कातडं, हेही गायब. आणि ज्याला पाय लागला तर आपण लगेच हात जोडतो ते 'पुस्तक', तोही शब्द बऱ्याच अभ्यासकांच्या मते इराणकडच्या भाषेतून आला, 'पोस्त' म्हणजे कातडं, त्याच्याच नात्यातला. 'बऱ्याच अभ्यासकांच्या मते' हे मी मुद्दाम लिहिलं होतं, उगाच छाती ठोकली नव्हती. त्या सगळ्याच्या जागी आता छापलं होतं, 'पुस्तक हा शब्द पुस्त् या शुद्ध संस्कृत धातूपासून सिद्ध झाला असून त्या धातूचा अर्थ आदर करणे असा आहे. याची मुळे परक्या भाषांत शोधणाऱ्यांची कीव करावीशी वाटते.'

कीव! माझ्याच नावाखाली मी माझीच कीव करत होते. बरं, धातुपाठात त्या 'पुस्त्'ला आदर आणि अनादर असे दोन्ही अर्थ दिलेत. छापताना त्यातला अनादर तेवढा सोयीस्करपणे गाळला होता.

"काय झालं गं?" आबांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही बसा. मी सरांना भेटून येते."

सर वाचनालयाच्या मागच्या खोलीत आरशासमोर फेटा सारखा करत होते. सेक्रेटरी नलवडे टेबलाशी उभे होते. टेबलावर वाचनालयातलं सगळ्यात जुनं पुस्तक होतं, दिंडीत पालखीत ठेवायचं होतं ते. त्याच्या पाठीला आणि कोपऱ्यांना तपकिरी चामडं होतं. शाळेत असताना मी कितीदा त्यावरून उगाचच हात फिरवला होता. आज ते चामडं नव्हतं. कुणीतरी पात्याने ते खरवडून काढलं होतं. शिवण उघडी पडली होती, दोरे तुटले होते, पानं बाहेर लोंबत होती, आणि नलवडे तो सगळा पसारा पिवळ्या रेशमी कापडात गुंडाळायच्या खटपटीत होते. चामड्याच्या पट्ट्या खाली फरशीवर पडल्या होत्या.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच," नलवडे म्हणाले. "पालखीत चामडं कसं ठेवायचं? बायका हळदकुंकू वाहणार त्याच्यावर. पवित्र काम आहे."

शंभर वर्षं टिकलेलं पुस्तक या माणसाने एका दिवसात मोडलं होतं, आणि वर चेहऱ्यावर समाधान. त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी सरांकडे वळले.

"सर, हा लेख माझा नाही."

"तुझाच आहे. मी जरा हात फिरवलाय. संपादकाचं कामच ते."

"हात फिरवलाय? गळा दाबलाय तुम्ही त्याचा."

"आवाज खाली, यमुना. बाहेर माणसं आहेत."

"असू देत. जिल्द म्हणजे कातडी, पोस्त म्हणजे कातडी, हे मला तुम्हीच सांगितलंत ना? तुमच्या माडीवर बसून? त्या दिवशी किती रंगला होतात तुम्ही! काकू जेवायला हाका मारून दमल्या, तरी उठत नव्हतात."

सरांनी फेट्याचा शेमला खांद्यावर नीट सोडला.

"घरात सांगितलेलं सगळं चौकात बोलायचं नसतं," ते म्हणाले.

"का?"

"तुला लोक माहीत नाहीत. मी हे तुझ्या भल्यासाठी केलंय. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी एका शब्दालाही हात लावला नसता. पण लिहिलंस तू. उद्या लोक म्हणतील, सातपुत्याच्या मुलीला पुस्तकातसुद्धा कातडंच दिसलं."

हे ते रागाने बोलले असते तर मी कदाचित विसरले असते. पण ते मायेने बोलले. आज इतकी वर्षं झाली, मीही आता निवृत्त झाले, पण ते मायेचं बोलणं आठवलं की हातातली वस्तू फेकावीशी वाटते.

"लोक म्हणतील, की तुम्ही म्हणताय?" मी विचारलं.

ते पुन्हा आरशाकडे वळले.

"माझं नाव काढा त्यावरून."

"आता? प्रती वाटून झाल्यात."

"मग मी स्टेजवरून सांगते, हे मी लिहिलेलं नाही म्हणून."

"मग तू स्टेजवर येऊ नकोस," सर शांतपणे म्हणाले. "लेख मी वाचतो. तुला बरं नाही असं सांगू."

तेवढ्यात दारात आबा आले. मला उशीर झाला म्हणून शोधत आले होते. त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला. मग त्यांचं लक्ष फरशीवर गेलं.

"सर, ह्ये टाकून देनार आसला तर घिऊ का?" त्यांनी विचारलं. "चांगलं हाय. बारीकसारीक कामाला यील."

"घे ना, ज्ञानू, घे," सर म्हणाले.

आबांनी खाली बसून एकेक पट्टी गोळा केली आणि झटकून नव्या सदऱ्याच्या खिशात घातली. नलवडे हसले. आबाही त्यांच्याबरोबर हसले. त्या क्षणी मला सरांपेक्षा आबांचा राग आला, आणि असा आला की मी त्यांच्याशी एक शब्दही न बोलता मांडवात जाऊन बसले. ते मागून येऊन शेजारी बसले.

"तू वर बसनार हुतीस न्हवं?"

"नाही बसणार."

"का गं?"

"गप्प बसा आबा, जरा."

सभा सुरू झाली. दीप लागला, हार झाले, कुणाकुणाचे आभार झाले. मग सर उठले. 'आपल्या वाचनालयाची मानसकन्या' अशी त्यांनी माझी ओळख करून दिली आणि तिची तब्येत ठीक नसल्याने तिचा लेख आपण वाचत आहोत असं सांगितलं. सर वाचायचे फार सुरेख, यात वाद नाही. कीव करावीशी वाटते या वाक्याला ते थोडं थांबले, लोक हसले, टाळ्या पडल्या. मी खुर्चीचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"आणि या गुणी मुलीचे वडील आज आपल्यात आहेत," सर माइकवर म्हणाले. "श्रीयुत ज्ञानोबा सातपुते. ज्ञानोबा, आपण उभे राहावं."

आमच्या दुकानासमोरून जाताना 'ज्ञानू, चपलेचा अंगठा शिवून ठेवलास का रे' असं विचारणारे सर. आबांना त्यांनी अहो-जाहो केलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेही माइकवरून. आबा गडबडून उभे राहिले. हात जोडून चारी बाजूंना वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. टाळ्या वाजू लागल्या. गावाने त्यांच्यासाठी वाजवलेल्या पहिल्या टाळ्या, आणि त्या थांबेपर्यंत मी कळ काढू शकले असते. पण कसली कळ काढायची? त्या टाळ्या आबांसाठी नव्हत्याच. मुलीने घरचं कातडं नाकारलं म्हणून बापाला मिळालेलं ते बक्षीस होतं. मी उठले.

"हा लेख माझा नाही!" मी ओरडले. "सरांनी वाचलं ते मी लिहिलेलं नाही!"

टाळ्या बंद पडल्या.

"मी लिहिलं होतं की पुस्तक हा शब्द कातड्यावरून आला. दप्तर कातड्यावरून आलं. जिल्द कातड्यावरून आली. हे मला शिकवलं सरांनीच, आणि आज काढलंही त्यांनीच. तुमचं जुनं पुस्तक आत सोलून ठेवलंय आणि माझा लेखही सोललाय—"

"मुलीला बरं नाही," सरांचा आवाज कर्ण्यातून आला. "ताप आहे तिला. कुणीतरी पाणी द्या."

"मला काही झालेलं नाही!"

नलवड्यांनी मांडवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या हलगीवाल्यांना हात केला. हलगी कडाडली. ती कशाची असते हे कुणी त्यांना विचारायला हवं होतं. चार हलग्या आणि एक ताशा, मांडवाचं छत हादरत होतं आणि मी ओरडत होते. माझं मलाच ऐकू येत नव्हतं. लोक उठून दिंडीकडे निघाले. एकदोघी बायकांनी जाताजाता माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

एक आबा तेवढे जागचे हलले नव्हते. हात जोडलेले, मान ताठ, तसेच उभे. मांडव रिकामा होईस्तोवर उभे. मला वाटलं, निदान हा एक माणूस माझ्या बाजूने उभा आहे.

आम्ही घराकडे निघालो. दिंडी मोठ्या रस्त्याने चौकाकडे गेली होती, आम्ही बोळातून चाललो होतो. थोडं अंतर गेल्यावर मी म्हणाले, "आबा, तुम्ही तसे उभे राहिलात म्हणून मला बळ आलं."

आबा माझ्याकडे बघतच राहिले.

"सरांनी उबं केलं हुतं," ते म्हणाले. "बस म्हनलंच न्हाईत. न सांगता कसा बसू?"

माझ्या तोंडून शिवीच जायची, पण बाप होता.

"सगळा मांडव रिकामा झाला, तरी तुम्ही सरांच्या हुकमाची वाट बघत होतात?"

"मग काय करू? तू वरडत हुतीस, हलगी वाजत हुती, मला काय बी कळंना. आन् यमे, येवड्या मानसांत सरांची अब्रू घालवलीस कशापायी? त्येनी शिकिवलं म्हनून तू हितवर आलीस."

"हो, त्यांनीच शिकवलं! तेच तर सांगत होते मी!"

बोळात मधोमध उभी राहून मी त्यांना लेखात काय होतं आणि काय छापलं ते सगळं सांगितलं. रागात सांगितलं, त्यामुळे मागचं पुढे झालं. ते मधेमधे थांबवून विचारत राहिले.

"म्हंजी पुस्तक ह्ये नाव कातड्यावरनं पडलं?"

"असं बरेच जाणते लोक मानतात."

"आन् दप्तर बी?"

"दप्तराबद्दल तर शंकाच नाही."

"मग पयलं कातडं कुनीतरी कमावलं आसंल."

"कमावलं असणारच. त्याशिवाय लिहिणाऱ्याने लिहिलं कशावर?"

आबांची मान डोलली आणि ते पुन्हा चालू लागले. त्यांना माझ्या रागाचं कारण आता कळलं होतं आणि सरांच्या वागण्याला एक सबबही सापडली होती.

"सरांस्नी ह्ये ठावं नसंल," ते म्हणाले. "मानसाला ठावं नसतंय गं. म्हनून वागतंय तसं."

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. हॉटेलात आमचा कप वेगळा ठेवायचे तेव्हा आबा हेच म्हणाले होते. शाळेत मला पाण्याच्या माठाजवळून हाकललं तेव्हा, आईला देवळाच्या पायरीवरून खाली उतरवलं तेव्हाही हेच. माणसाला ठाऊक नसतं. कळलं की सुधारेल. लोकांवर राग न धरता जगायला त्यांना ही एवढीच सोय होती, आणि ती मी कधी मोडली नव्हती.

"त्यांना ठाऊक होतं, आबा," मी म्हणाले. "मला ते त्यांनीच सांगितलंय."

"कवा?"

"मी अकरावीत असताना. त्यांच्या घरी."

"आज ध्यानात नसंल."

"चांगलं ध्यानात होतं. मी विचारलं त्यांना. घरात सांगितलेलं चौकात बोलायचं नाही म्हणाले. सातपुत्याच्या मुलीला पुस्तकातही कातडंच दिसलं असं लोक म्हणतील, म्हणून काढलं म्हणाले."

आबा जागीच थांबले.

"ठावं आसून काढलं?"

"हो."

"ठावं आसून?"

मी नुसती मान हलवली. आबांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते एकेक करत उतरलं. मग ते वळले आणि आलो त्या वाटेने चालायला लागले.

"आबा, कुठं निघालात?"

त्यांच्या चालीला मी पुरी पडत नव्हते.

चौकात पालखी थांबली होती. बायका ओवाळत होत्या, हलगीवाले दम खात होते. आबा गर्दीत शिरले आणि समोर दिसेल त्याच्या हातातल्या स्मरणिकेला हात घालू लागले.

"द्या हिकडं. त्यो लेख माज्या पोरीचा न्हाई."

"काय झालं ज्ञानूदा?"

"द्या म्हनतो न्हवं. खोटं छापलंय."

काहींनी दिल्या. काहींनी हात मागे घेतला, तर आबा त्यांच्यासमोरून हलेनात. मग त्यांनीही दिल्या. ज्यांनी त्यांच्याकडून आयुष्यभर चपला शिवून घेतल्या होत्या ती माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत प्रती काढून देत होती. नलवडे धावत आले, "हा काय तमाशा लावलाय?" म्हणाले. आबांनी त्यांच्या काखेतली प्रतही काढून घेतली.

पालखीच्या पुढे सर उभे होते. फेट्यात, हातात स्मरणिका.

"ज्ञानू," ते हळू आवाजात म्हणाले, "संध्याकाळी घरी ये. सावकाश बोलू आपण."

"सर, पुस्तकाचं ते तुमास्नी ठावं हुतं?"

"अरे, ते इतकं सोपं नसतं. तुला नाही समजायचं."

"मला नगा समजावू. ठावं हुतं का न्हवतं, येवडंच सांगा."

बायकांच्या हातातली ताटं थांबली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही त्यांची सुटका करणार नव्हते.

"होतं," सर म्हणाले.

आबांनी कुणालाही कधी वाईट म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यामुळे ते काय बोलणार हे मला मुळीच सुचलं नाही, आणि बहुतेक सरांनाही नसावं.

"मग तुमी वाईट मानूस हायसा, सर," आबा म्हणाले.

त्यांनी सरांच्या हातातली प्रत काढून घेतली, काखेतल्या गठ्ठ्यात घातली, आणि पुढच्या माणसासमोर हात धरला.

"द्या हिकडं."